पीटीच्या तासातून पळालेले बूट

साल 1978. वसई गावातल्या कौलारू घराच्या ओटीवर तुम्ही मांडी घालून बसला आहात. उद्या शनिवार, सकाळची शाळा आणि पीटीचा तास. पुढ्यात पांढरे कॅनव्हासचे बूट. ओला खडू बोटाने घासून तुम्ही मातीचे डाग झाकता. अंगठ्यापाशी कापड विरलंय, तिथे खडू दोनदा. तास संपला की बूट पिशवीत, पायात पुन्हा चपला. हेच घालून मांडवात गेलात तर आजी विचारणार, "लग्नाला जायचंय की कवायतीला?"

आता थेट न्यूयॉर्क, 1986 चा उन्हाळा. मॅडिसन स्क्वेअर गार्डन खचाखच भरलंय. रन-डीएमसी या गटाचे रॅपर 'माय आदिदास' गाणार आहेत. पायात आदिदासचा सुपरस्टार, मुळात बास्केटबॉलसाठी बनवलेला, आणि नाडीच काढून टाकलेली. मंचावरून हाक येते तसा शेजारचा मुलगा एक बूट काढून डोक्यावर धरतो. तुमच्यापुढे हजारो बूट हवेत. आदिदास कंपनीचा माणूस हे बघत उभा आहे. नंतर या गटाशी दहा लाख डॉलरचा करार झाला. चेंडूशी संबंध नसलेल्यांनी खेळाचा बूट विकून दाखवला, तो असा.

वसईला ही हवा यायला वेळ लागतो. 1995 च्या सुमारास नायकी, रीबॉक भारतात येतात, पण तुमच्या पायात अजून ॲक्शन नाहीतर लखानी. किंमत ऐकूनच मागे फिरायचं.

2010. नालासोपारा. बिल्डिंगची गच्ची, फोनवर गाणं, आठ-दहा पोरं. कोलांटी मारून काँक्रीटवर उतरायचं तर टाचेखाली जाड सोल हवा. रबर घट्ट धरलं पाहिजे, पण गिरकी घेताना अडकता कामा नये. बऱ्या बुटांची जोडी एकच, म्हणून एकाचा सराव संपला की दुसरा नाड्या आवळतो. वसई-नालासोपाऱ्यातल्या अशाच पोरांना घेऊन सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो यांनी नाचाचा गट बांधला. 2015 साली त्यांच्या गोष्टीवरून 'एबीसीडी 2' हा हिंदी चित्रपट आला, त्याच वर्षी सॅन दिएगोच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेत कांस्यपदक. 2019 मध्ये 'द किंग्ज' नावाने त्यांनी अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही टीव्हीवरची स्पर्धा जिंकली. बक्षीस दहा लाख डॉलर.

माझं मत विचाराल तर इथे स्नीकर, म्हणजे हा खेळाचा बूट, मैदानावरून आलाच नाही. तो नाचाच्या फरशीवरून आला.

आज नालासोपारा स्टेशनबाहेर दुकानदार तुमच्यासमोर सोल दुमडून दाखवतो. "फर्स्ट कॉपी आहे, पण ओळखून दाखवा!" तुम्ही अर्ध्या किमतीवर येता, तो तोंड वाकडं करतो आणि शेवटी देतोच. जोडी कॉलेजला जाणार, मॉलला जाणार, शेरवानीखाली लग्नालाही जाणार. धावलीच तर विरार फास्ट लोकल पकडायला.

तरी वसई-विरार मॅरेथॉनला या. महापालिकेची ही शर्यत 2011 पासूनची. पळणाऱ्यांच्या पायात पळायचे बूट, ते ठीक. रस्त्याच्या कडेला टाळ्या पिटणाऱ्यांच्या पायात मात्र बास्केटबॉलचे जॉर्डन बूट, आणि त्यांतल्या कितींनी बास्केटबॉल हातात धरलाय, हे विचारायला जाऊ नका.