तीन नद्या आणि चार बाजारगावं : अकोले तालुका असा बसलाय

आज फवारणी-खताचं नाही, थोडं इतिहासाचं. अकोले म्हणजे आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं, विदर्भातलं अकोला नव्हे. हा घोळ अजून होतो.

नकाशा समोर घ्या. पश्चिमेला सह्याद्रीची धार, उत्तरेला कळसूबाई (१६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर), दक्षिणेला हरिश्चंद्रगड. रतनगडाच्या कुशीतून प्रवरा निघते, हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं मुळा, आणि उत्तरेच्या अंगाला आढळा. तिघी पूर्वेला जातात, मध्ये डोंगराच्या सोंडा. म्हणून बाजारगावंही खोऱ्याप्रमाणं पडली: प्रवरेवर अकोले, मुळेवर कोतूळ, आढळेकडं समशेरपूर आणि वरच्या डांगाणाला राजूर. एका खोऱ्यातनं दुसऱ्यात जायचं तर खिंड चढायलाच लागते.

पावसाचंही तसंच. घाटघरला पाऊस धो धो, तिथनं पूर्वेला सरकाल तसा उतरत जातो. वर तांबडी माती, भात, नागली, वरई. खाली काळी रानं, कांदा नि ऊस. एकाच तालुक्यात दोन मुलुख म्हणा ना.

वरच्या मुलखात महादेव कोळी समाज मोठा. पूर्वी गडकिल्ले नि घाटवाटा राखायचं काम यांच्याकडं होतं. १८१८ ला इंग्रज आले, जुने हक्क गेले, सारा रोखीत द्यावा लागला आणि सावकाराच्या वहीत जमिनी अडकल्या. देवगावच्या राघोजी भांगरेंचं बंड ह्याच रागातनं उठलं. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. माझ्या मते हे बंड आधी शेतीचं होतं, ते शाळेत कुणी सांगत नाही.

आता पाण्याचं. १९१० ला भंडारदऱ्याला धरणाचं काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं. साठा सुमारे ११ टीएमसी. पण कालवे निघतात कुठनं? खाली संगमनेर तालुक्यात, ओझरच्या बंधाऱ्यावरनं! तोवर पाणी नदीच्या पात्रातनंच जातं. पात्र खोल, रानं वर. म्हणजे अकोल्याच्या शेतकऱ्याला पाणी दिसायचं, पण उचलल्याशिवाय मिळायचं नाही. काठावरच्यांनी इंजिन-मोटरी बसवून ऊस केला. डोंगराच्या पोटातल्यांना तेही जमण्यासारखं नव्हतं. त्याच पाण्यावर खाली श्रीरामपूर-राहाता पट्ट्यात उसाचं राज्य उभं राहिलं, हरेगावचा खासगी कारखाना आणि पुढं प्रवरानगरचा सहकारी. मुळेचंही असंच, मोठा साठा खाली राहुरी तालुक्यात.

मग निळवंडे. मंजुरी १९७० ची, डावा कालवा सुरू झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. हिशोब तुम्हीच करा, एक पिढी वाट बघण्यात म्हातारी झाली. जमिनी मात्र गेल्या त्या अकोल्याच्याच.

बियाण्याच्या बाबतीत मात्र वरची गावं कुणाच्या मागं नाहीत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री मिळाली ती गावठी वाणं जपल्याबद्दल, आणि ती वाणं टिकली ह्याच कोरडवाहू, आडबाजूच्या खोऱ्यांत. पण राजूरच्या वर अजूनही भात निघाला की रान मोकळं पडतं, आणि दिवाळीनंतर माणसं कामाला नारायणगाव-संगमनेरकडं उतरतात.