मापात पाप

नवी मुंबईतल्या कोणत्याही किराणा दुकानात खाद्यतेलाची पिशवी घ्या. तिच्यावर बहुधा '1 लिटर' आणि '910 ग्रॅम' असे दोन आकडे दिसतील. हजार ग्रॅम का नाहीत? लिटर हे आकारमानाचे एकक, ग्रॅम वस्तुमानाचे. दोहोंना जोडते ती घनता. उर्दू शाळेत आम्ही तिला 'कसाफत' म्हणतो.

पूर्वी हा घोळ आपल्या भाषेतच होता. वजनी शेर वेगळा, मापी शेर वेगळा, शब्द मात्र एकच. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत आली. ऑक्टोबर 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि किलो व लिटर यांची नावेही वेगळी झाली.

वजन आणि आकारमान यांचे नाते अल-बेरूनीने (973–1048) काटेकोर मोजले होते. नळी असलेल्या शंकूसारख्या भांड्यात तो पाणी भरी, धातू किंवा रत्न आत सोडी आणि नळीतून बाहेर पडलेले पाणी तोली. वस्तूच्या वजनाला त्या पाण्याच्या वजनाने भागले की एकक उरतच नाही. म्हणून अरबांचा मिस्काल घ्या की आपला तोळा, उत्तर एकच येते. गरम आणि थंड पाण्याच्या वजनातला फरकही त्याने नोंदवला. हाच अल-बेरूनी संस्कृत शिकला. हिंदुस्थानवरील त्याच्या ग्रंथात इथल्या वजन-मापांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे मर्वच्या अल-खाझिनीने 1121 च्या सुमारास 'मीजानुल हिकमा' लिहिला. आर्किमिडीजचे ऋण त्याने लपवले नाही.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. तेल तापले की फुगते. जास्त तापमानाला मोजलेल्या एका लिटरात तेल वजनाने कमी भरते. 2022 मध्ये केंद्र सरकारने तेल कंपन्यांना सांगितले, की पिशवीवर तापमान न लिहिता आकारमान छापा आणि सोबतचे वजनही बरोबर असू द्या. ग्राहकाचा हक्क असा घनतेवर अवलंबून असतो.

कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच माप मारणाऱ्यांच्या निषेधाने होते. मराठीही 'मापात पाप' म्हणते. 'वजन' अरबीतून आणि 'तराजू' फारसीतून मराठीत येऊन केव्हाच घरचे झाले आहेत. अल-बेरूनीचे नाव आपण सभांमधून अभिमानाने घेतो. पण त्याचा वारसा सांगायचा तर आपल्या मुला-मुलींना आकड्यापुढचे एकक वाचता आले पाहिजे. कसाफत म्हणा वा घनता, तेलाचे वजन बदलत नाही.