शिबंदी, धार व देवास संस्थानांची (१८५७)

शिबंदी : किल्ल्याची राखण, मुलकी बंदोबस्त व महसुलाची वसुली यांसाठी संस्थानिकांनी पदरी बाळगलेली, कवायती पलटणींहून निराळी अशी फौज. माळव्यात धार व देवास येथील पवारांच्या गाद्यांच्या संबंधात ही शिबंदी आणि तिच्या जोडीला संस्थानांच्या पैशाने, परंतु कंपनीच्या अंमलदारांच्या हुकमतीखाली उभारलेल्या माळवा कंटिंजंट व माळवा भिल्ल पलटण या फौजा १८५७ च्या उठावात कशा वागल्या, याविषयीचा वाद इंदूरच्या रेसिडेन्सीत उपस्थित झाला आणि लंडनपर्यंत जाऊन पोहोचला.

या फौजांची घडण समजल्यावाचून वादाचे मर्म ध्यानी येत नाही. पेंढाऱ्यांच्या धाडी आणि शिंदे-होळकरांच्या फौजांची येजा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ही दोन्ही संस्थाने इतकी जर्जर झाली होती, की धारच्या पवारांपाशी राजधानीचा किल्ला आणि थोडा मुलूख यांवाचून फारसे काही उरले नव्हते. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातींनी १२ डिसेंबर १८१८ रोजी आणि धारने १० जानेवारी १८१९ रोजी कंपनीशी तह केले. देवासच्या तहात प्रथम ५० स्वार व ५० पायदळ आणि पुढे ७५ स्वार व २०० पायदळ चाकरीस देण्याचे कलम होते; कालांतराने या चाकरीऐवजी नगद रक्कम घेण्याचा प्रघात पडला, आणि मेख नेमकी येथेच आहे. दरबाराने पैसा भरावा, कंपनीच्या कप्तानाने हुकूम द्यावा आणि शिपायाने दोघांनाही परके मानावे, अशी ती व्यवस्था होती. रोजमुरा देणारा हात आणि हुकूम देणारे तोंड ज्या फौजेत वेगळे असते, तिच्या निष्ठेची परीक्षा घेताना आधी त्या व्यवस्थेचा जाब विचारला पाहिजे, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

इंदूरच्या रेसिडेन्सीवर १ जुलै १८५७ रोजी सकाळी सादतखान व त्याचे साथीदार यांच्या पुढारीपणाखाली होळकरांच्या फौजेने तोफा डागल्या, तेव्हा रेसिडेन्सीचे हंगामी एजंट कर्नल हेन्री मेरियन ड्युरँड यांच्यापाशी भोपाळ कंटिंजंटचे लोक आणि भिल्ल पलटणीचे सुमारे पावणेतीनशे शिपाई होते. कर्नल ट्रॅव्हर्स यांनी तोफांवर घोडा घातला, परंतु त्यांच्या मागोमाग पाच-सहा स्वारांपलीकडे कोणी गेले नाही. डोंगरात आडोशाने लढण्यात मुरलेले भिल्ल इमारतीच्या खिडक्यांशी उभे केले गेले. तोफेचे गोळे भिंतींवर आदळू लागताच बंदुका झाडून ते बाहेरची दालने सोडून मधल्या दालनात येऊन दाटले. ड्युरँड यांनी माघार घेऊन सिहोर गाठले, आणि बंडवाले देवासवरून जाणाऱ्या आग्र्याच्या मार्गाने उत्तरेकडे निघून गेले. देवासच्या दोन्ही पाती या धामधुमीत कंपनीच्या बाजूस राहिल्या. त्या दिवसावरून भिल्ल शिपाई भेकड ठरवला गेला; परंतु भोपावरचे पोलिटिकल एजंट कॅप्टन हचिन्सन सहकुटुंब पळून झाबुव्यास आश्रयाला गेले असता, तेथील अरब व मकराणी चाकरांच्या मागणीला न जुमानता राजाच्या आजीने त्यांचे रक्षण केले आणि त्यांच्याभोवती पहारा बसवला तो भिल्लांचाच, ही गोष्ट त्या निकालाच्या शेजारी मांडून पाहिली पाहिजे.

धारचा प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. यशवंतराव पवार मे १८५७ मध्ये मृत्यू पावले आणि तेरा वर्षांचे आनंदराव मसनदीवर आले. कारभार रामचंद्र बापूजी यांच्याकडे होता. चहूकडे कंटिंजंट फौजा बिघडलेल्या पाहून दरबाराने अरब, मकराणी व विलायती म्हणजे अफगाण अशी तीन-चारशे माणसे चाकरीस ठेवली. याच लोकांनी भोपावर व सरदारपूर लुटले आणि ऑगस्टअखेर धारचा किल्ला बळकावला. गावाच्या उत्तरेस टेकडीवरचा, तांबड्या दगडाचा हा किल्ला मराठी वाचकास अपरिचित नाही. आनंदीबाईंनी दुसऱ्या बाजीरावास येथेच जन्म दिला, आणि खरबुजाच्या आकाराच्या घुमटावरून नाव पडलेला खरबुजा महाल अद्याप आत उभा आहे. २२ ऑक्टोबर रोजी ब्रिगेडियर स्टुअर्ट यांची फौज किल्ल्यापाशी येताच आतले लोक मैदानात उतरले. त्यांच्या तोफा मुंबई इलाख्याच्या २५ व्या देशी पलटणीने हिसकावून घेतल्या. मग वेढा पडला, तटाला खिंडार पडले, आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्री हल्ल्यासाठी आत शिरलेल्यांना किल्ला रिकामा सापडला. सारी शिबंदी वेढ्यातून निसटून वायव्येस मंदसोरकडे गेली होती. आठच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, महिदपूरच्या छावणीवर बंडवाल्यांचा हल्ला झाला. माळवा कंटिंजंटमधील कित्येक शिपाई हल्लेखोरांना मिळाले, आणि छावणी तोफांसह गेली.

वादास तोंड येथून फुटले. ड्युरँड यांच्या मते धारचा दरबार आतून फितूर होता. राजमाता व मामा भीमराव भोसले यांनीच बंडखोरांना आश्रय दिला, असा आळ घेण्यात आला आणि संस्थान जप्त झाले. उलट पक्षाचे म्हणणे असे, की अल्पवयीन राजा व पैशाने बांधलेले परमुलुखी सैनिक एवढीच ज्याची शक्ती, त्या दरबारास तीन-चारशे हत्यारबंद माणसे किल्ल्याबाहेर काढणे अशक्य होते. लंडनच्या वरिष्ठांनी १८५८ मध्ये दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद मान्य केला : स्वतःची बंगाल फौज ज्या सरकारला आवरता आली नाही, त्याने एका दुबळ्या संस्थानास आपले भाडोत्री आवरले नाहीत म्हणून खालसा करणे न्यायाचे नाही. हा निर्णय पूर्ण न्याय्य होता. दरबाराने भाडोत्री ठेवण्यात अविवेक केला, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि अविवेकाला द्रोह म्हणणे हा विजेत्याच्या दप्तराचा नित्याचा दोष आहे. होळकरांविषयीही असाच वाद जुंपला होता. ड्युरँड यांचा संशय शेवटपर्यंत फिटला नाही, तर रेसिडेन्सीचे कायम एजंट रॉबर्ट हॅमिल्टन यांनी तुकोजीराव दुसरे यांची बाजू हिरिरीने घेतली.

अरब म्हणजे बंडखोर आणि भिल्ल म्हणजे भित्रा अशा जातवार निवाड्याने त्या काळच्या अहवालांची पाने भरली आहेत. त्याच अरबांनी १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला महिनाभर निकराने लढवला होता, आणि सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे सोपवली होती तो भिल्ल नायक खाजा नाईक १८५७ मध्ये कंपनीच्या विरुद्ध उठला, तेव्हा एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत त्याच्यावर चालून जाणाऱ्यांत खानदेशची भिल्ल पलटणही होती. माणसे तीच होती. चाकरीचा करार, सरदार आणि रणभूमी बदलली की वर्तन बदलत गेले.

धारचे संस्थान १८६० मध्ये आनंदरावांस परत देण्याचे ठरले, परंतु प्रत्यक्ष कारभार त्यांच्या हाती येण्यास विलंब झाला. जॉन डिकिन्सन यांनी या दिरंगाईविरुद्ध १८६४ मध्ये लंडन येथे पुस्तिका प्रसिद्ध केली. बेरसिया परगणा मात्र धारला पुन्हा मिळाला नाही. तो भोपाळच्या बेगमांना देण्यात आला.