तळटीप : रमाकांत देसाई यांचा आउटस्विंगर

१२. शिवाजी पार्कचे द्रुतगती गोलंदाज रमाकांत देसाई (१९३९–१९९८) यांच्या ठेंगण्या शरीरयष्टीचा मूळ लेखकाने केलेला उल्लेख यथार्थ आहे. तथापि चेंडू हवेत वळतो तो केवळ अंगबळाने नव्हे, ही बाब वाचकांनी ध्यानी घ्यावी. चेंडूची शिवण पहिल्या स्लिपच्या रोखाने किंचित तिरपी धरून, मनगट चेंडूच्या थेट मागे ताठ ठेवून, आणि सुटतेवेळी तर्जनी व मध्यमेने त्यास उलटी फिरकी देऊन गोलंदाजाने तो टाकला, म्हणजे शिवण डगमगत नाही. तिच्या उंचवट्याने त्या बाजूचा हवेचा थर विस्कळीत होऊन पृष्ठभागास अधिक काळ बिलगून राहतो, घासून तकतकीत केलेल्या बाजूचा थर लवकर सुटतो, आणि दोहों बाजूंच्या दाबातील या तफावतीमुळे चेंडू शिवणीच्या रोखाने ढकलला जातो. मनगट यत्किंचित कलले, की हा सारा बंदोबस्त ढासळतो.

अंगस्थिती व साधन यांचा असाच मेळ बर्फावरील स्की-उडीत आढळतो. स्वीडनच्या यान बोक्लोव याने स्कींची जोडी समांतर न ठेवता पुढील टोके फाकवली, तेव्हा पंचांनी शैलीचे गुण कापले; परंतु हवेचा आधार वाढून उडी इतकी लांबली, की १९८८-८९चा विश्वचषक त्यानेच जिंकला.

देसाईंनी २८ कसोटींत ७४ बळी घेतले. त्यांचे पहिले श्रेय, आमच्या मते, त्यांच्या मनगटाचे आहे.

— संपादक