लूनाचा क्लच

राहात्याहून नगर-मनमाड रस्त्याने दक्षिणेला निघालं की नगर लागतं. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगचा कारखाना तिथलाच. १९७२ मध्ये त्यांनी ५० सीसीची लूना ही मोपेड आणली.

लूनाला क्लचची दांडी नव्हतीच! इंजिन मंद असताना स्प्रिंग क्लचचे शू आत धरून ठेवते. मूठ पिळली, फेरे वाढले, की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला घट्ट टेकतात आणि मागचं चाक हलतं. गिअरची धास्ती असलेल्या कित्येकांना या साध्या युक्तीनेच रस्ता मोकळा करून दिला.

नायट्रो इंधनावर पळणाऱ्या रिमोटच्या छोट्या ट्रकमध्येही हीच युक्ती, फक्त ड्रम बोटाच्या पेराएवढा. तिथे स्प्रिंगची निवड महत्त्वाची. ती कडक असेल तर क्लच उशिरा, जास्त फेऱ्यांवर पकडतो आणि ट्रक झेप घेतो; फार नरम असेल तर उभा ट्रकही पुढे सरकू पाहतो.