पासवर्ड बरोबर, तरीही ‘नो एंट्री’: युनिक्स सर्व्हर कुणाला आत सोडतो?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहाराला ‘हो’ की ‘नाही’ हे बँकेपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा म्हणजे स्विच. चोरांनी खोटा स्विच उभा केला आणि परस्पर ‘हो’ म्हणवून घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ या अशाच एटीएम लुटीबद्दल इशारा दिला. त्यातले घुसखोरी झालेले स्विच सर्व्हर आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर चालत होते. अशा सर्व्हरवर कुणालाही सोडण्याआधी दुहेरी ओळख तपासा, असा सल्लाही त्यात होता.

सर्व्हरच्या दारात खरं तर दोन प्रश्न असतात: तुम्ही कोण, आणि इथे तुमचं काय काम? पासवर्ड फक्त पहिल्याचं उत्तर देतो.

समजा, एका पतसंस्थेचे सर्व्हर साताऱ्यात आहेत आणि एक शाखा खंडाळ्यात (लोणावळ्याजवळचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं). सगळ्यांची खाती एलडॅपसारख्या एकाच मध्यवर्ती यादीत ठेवली की एकच पासवर्ड सगळ्या सर्व्हरवर चालतो. सोय मोठी आहे, पण मग फक्त रिपोर्ट काढणारा कर्मचारीही डेटाबेसच्या सर्व्हरवर लॉगिन करू शकतो. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर ‘इथे कोण चालेल’ याची वेगळी यादी लागते.

दुरून लॉगिन बहुधा एसएसएचने होतं. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ‘अलाउग्रुप्स’ या शब्दापुढे ग्रुपचं नाव लिहिलं की बाकीचे बाहेर. पण हे एकच दार झालं. एफटीपी किंवा थेट सर्व्हरसमोर बसून होणारं लॉगिन रोखायला ‘पॅम’मध्ये नियम लावावे लागतात.

सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट वेगळीच आहे. कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याचा पासवर्ड लॉक करतात आणि काम झालं असं समजतात. पण त्याची एसएसएच की सर्व्हरवर तशीच असेल, तर अनेक सिस्टिमवर तो त्यानंतरही आत येऊ शकतो. खात्याची मुदतच संपवायची आणि कीसुद्धा काढायची.

नियम बदलताना चालू लॉगिन मात्र बंद करू नका. आधी दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतं का ते पाहा. यादीत स्वतःचंच नाव घालायचं राहिलं, तर खंडाळ्यातून साताऱ्याला जावं लागेल, आणि मध्ये खंबाटकी घाट आहे.