टोइक म्हणजे काय? इंग्रजीची परीक्षा बुक करण्याआधी हे वाचा

द्वारका सर्कलला सिग्नलवर बस अडकली की फोन बाहेर निघतोच. कोणी रील्स बघतं, कोणी कानात हेडफोन घालून इंग्रजी ऐकतं. तुम्ही दुसऱ्या गटातले असाल आणि परदेशी कंपनीच्या नोकरीचा विचार करत असाल, तर एक नाव कधीतरी समोर येणारच: टोइक. आयईएलटीएस आणि टोफेल सगळ्यांना माहीत असतात. टोइकचं मात्र नाव सारखं वाटत असल्यामुळे गोंधळ होतो, आणि या गोंधळात हजारो रुपये जाऊ शकतात.

टोइक नक्की कशासाठी?

टोफेल घेणारी अमेरिकन संस्था ईटीएस हीच टोइकही घेते. पण टोफेल विद्यापीठाच्या वर्गासाठी आहे आणि टोइक ऑफिससाठी. जपानी कंपन्यांना आपल्या लोकांचं कामापुरतं इंग्रजी मोजायचं होतं, म्हणून १९७९ साली जपानमध्ये ती पहिल्यांदा झाली. आजही तिचं खरं वजन जपान आणि कोरियात आहे. जपानच्या राकुतेन कंपनीने २०१० मध्ये कंपनीचा कारभार इंग्रजीत करायचं जाहीर केलं, तेव्हा कर्मचाऱ्यांना टोइकचे स्कोअर गाठायला सांगितले होते.

पेपर कसा असतो?

मुख्य पेपरात लिसनिंग आणि रीडिंग मिळून २०० प्रश्न असतात आणि वेळ साधारण दोन तास: लिसनिंगला ४५ मिनिटं, रीडिंगला ७५. दोन्ही भागांना प्रत्येकी ५ ते ४९५ गुण, म्हणजे एकूण १० ते ९९०. यात पास-नापास नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

लिसनिंगचा ऑडिओ एकदाच ऐकवतात, रिवाइंड नाही. शिवाय उच्चार फक्त अमेरिकन नसतात. ब्रिटिश, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियनही असतात. आपल्याकडे बरेच जण इथेच अडकतात, कारण शाळेत इंग्रजी वाचलेलं असतं, ऐकलेलं कमी. त्या दृष्टीने द्वारकेच्या हॉर्नच्या गोंगाटात सराव केलात तर परीक्षेची खोली देवघरासारखी शांत वाटेल! (बसमध्ये असाल तरच हं. गाडी चालवताना हेडफोन नको.)

रीडिंगमध्ये शेवटचा भाग ५४ प्रश्नांचा आहे. ईमेल, नोटीस, जाहिरात, अगदी मोबाईलवरचे मेसेज आणि ऑनलाइन चॅटही वाचायला येतात. वेळ पुरत नाही तो इथेच. आधीचे व्याकरणाचे प्रश्न झटपट उरका.

स्कोअरचा अंदाज हवा असेल तर लिसनिंगमध्ये ४०० आणि रीडिंगमध्ये ३८५ म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर बी-टू पातळी. बोलणं आणि लिहिणं यांची परीक्षा वेगळी आहे, ती २००६ पासून सुरू झाली. कंपनीने नुसतं ‘टोइक’ म्हटलं असेल, तर कोणता भाग हवा ते आधी विचारून घ्या.

व्हिसासाठी चालतं का?

ब्रिटनसाठी नाही. पूर्वी चालायचं. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने लंडनमधल्या काही केंद्रांवर डमी उमेदवार बसवले जातात हे छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं. नंतर २०११ ते २०१४ मध्ये तिथे झालेल्या ५८ हजारांहून जास्त परीक्षांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या गेल्या. हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा गेले. त्यात भारतीयही होते आणि ‘आम्ही खरंच परीक्षा दिली होती’ म्हणत वर्षानुवर्षं कोर्टात लढणारेही होते. म्हणून ‘परीक्षा न देता सर्टिफिकेट’ असा मेसेज व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आला तर सरळ ब्लॉक करा. पैसे तर जातीलच, पुढचे व्हिसाही अडकू शकतात.

मग कोणती द्यायची?

जिथे जायचंय त्यांनाच विचारा. विद्यापीठासाठी साधारणपणे आयईएलटीएस अकॅडमिक, टोफेल किंवा पीटीई. नर्सिंगवाल्यांसाठी ओईटी. ड्युओलिंगोची परीक्षा घरबसल्या देता येते, पण ती विद्यापीठाने घेतली तरी व्हिसासाठी चालेलच असं नाही. यातल्या बहुतेकांचा, आणि टोइकचाही, स्कोअर दोन वर्षांपुरताच धरतात. फार आधी परीक्षा देऊन ठेवू नका.

फॉर्म भरताना नाव सांभाळा

आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. मोबाईलवर घाईघाईत फॉर्म भरताना मधलं नाव गळतं, किंवा आधार कार्डावरचं स्पेलिंग टाकलं जातं. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट मागितला असेल आणि नाव जुळलं नाही, तर केंद्रावरून परत पाठवू शकतात. पासपोर्ट समोर उघडा ठेवा, अक्षर न् अक्षर जुळवा आणि मगच ‘पे’ दाबा.